तोटी असलेलं इंटरनेट

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "मी सातवीच्या वर्गाला शिकवते. रात्री अकराला पाच मिनिटं म्हणून फोन हातात घेते आणि साडेबारा वाजतात. काय बघितलं ते सकाळी आठवतही नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर राजकारणावरून भांडणं, पालकांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचा रतीब, फेसबुकवर अनोळखी माणसांची शिवीगाळ. दोनदा सगळी ॲप काढून टाकली, दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत घातली, कारण शाळेचे निरोप तिथंच येतात. इंटरनेट पूर्वी असं नव्हतं, की मीच बदलले? आणि याहून बरं असं काही ऑनलाइन उरलंय का?"

मॅडम, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. उरलंय, आणि बरंच उरलंय. पहिल्याचं उत्तर जरा लांबेल, कारण त्यात माझाही थोडा हात आहे.

मी २००१ ते २०१३ नवी पेठेत नेट कॅफे चालवला. आठ मशीन, एक प्रिंटर, दोन पंखे आणि भिंतीवर पाटी: तासाला ३० रुपये, अर्ध्या तासाला २०. आता दुकानदारांच्या वेबसाइट करतो, तीन-चार संस्थांचे ग्रुप सांभाळतो आणि रविवारी सकाळी एका वाचनालयात ज्येष्ठांना फोन वापरायला शिकवतो. पंचवीस वर्षं झाली, इंटरनेटसमोर बसलेल्या माणसाचं काय होतं ते मी त्याच्या पाठीशी उभा राहून बघतोय.

कॅफेत पूर्व भागातले एक गृहस्थ यायचे. चादरीच्या कारखान्यात कामाला होते, मुलगा दुबईत. मुलाला काय कळवायचं ते घरून कागदावर तेलुगूत लिहून आणायचे. ते वाचून दाखवायचे आणि मी रोमन अक्षरांत टाइप करायचो. मला तेलुगू बेताचंच येतं, त्यामुळे एकेका शब्दाला आम्ही दोघं अडायचो. वीस मिनिटांत मेल जायचा. मग ते म्हणायचे, "अजून काय बघता येतं?" मी क्रिकेटचा स्कोअर दाखवायचो, एकदा दुबईचा नकाशा दाखवला. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची आणि ते उठायचे. अर्धा तास भरला होता. पुढच्या अर्ध्या तासाचे २० रुपये द्यायचे की नाही हे त्यांना ठरवावं लागायचं, आणि बहुतेक वेळा ते ‘नको’ असंच ठरवायचे.

तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. प्लायवूडच्या पार्टिशनमागं काय काय चालायचं ते मला ठाऊक आहे. २०११ मध्ये ओळखपत्र बघून रजिस्टर ठेवायचा नियम आला, तो उगीच नाही आला. व्हायरसनं महिन्याला एक तरी मशीन बसायचं. मराठी वाचायचं तर प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा, तो उतरवला नाही तर पानभर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. पण उठायची वेळ कुणीतरी आणून द्यायचं. मीटर म्हणा, पैसे म्हणा, नाहीतर बाहेर वाट बघणारा पुढचा गिऱ्हाईक म्हणा.

ती वेळ हळूहळू काढून घेतली गेली, आणि ते आपोआप झालेलं नाही. पूर्वी पान संपायचं आणि खाली ‘पुढे’ असं बटण असायचं. ते दाबताना माणूस क्षणभर थांबतो आणि पुरे की अजून हे ठरवतो. २००६ मध्ये अ‍ॅझा रस्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरनं ते बटणच काढून टाकायची युक्ती काढली: तळाशी पोचायच्या आत पुढचा मजकूर आपोआप जोडायचा. हेतू चांगला होता, वाचणाऱ्याचा एक क्लिक वाचावा. पुढं त्यानंच याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी फेसबुकची न्यूज फीड आली, म्हणजे ओळखीच्यांचं सगळं एकाखाली एक सरकत येणारं पान. २००९ मध्ये लाइकचं बटण आलं. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामनं वेळेच्या क्रमानं फोटो दाखवणं सोडलं आणि तुम्ही जास्त वेळ रेंगाळाल असं वर आणायला सुरुवात केली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं. तोवर आपण एक जीबी महिनाभर पुरवून वापरत होतो. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, तर जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात हजर. रिकामी झालेली जागा तीन महिनेही रिकामी राहिली नाही.

माझा भाचा विजापूर रोडला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. एकदा रात्री साडेअकराला तो आडवा पडून रील बघत होता. झोपत का नाहीस विचारलं, तर म्हणाला, "मामा, अजून साडेतीनशे एमबी शिल्लक आहे. बाराला वाया जाईल." नळाला पाणी आलंय म्हणून घरातली वाट्या-तांबेसुद्धा भरून ठेवावेत, तसं. दिवसाला दीड जीबीची मर्यादा होती, पण ती थांबायची खूण न राहता संपवायची कामगिरी होऊन बसली.

त्यामुळे तुम्ही बदललात का, याचं माझं उत्तर असं आहे. तुम्ही तीच अर्धा तास बसणारी बाई आहात. फक्त खोलीतलं घड्याळ काढलंय, पैसे तुमच्याऐवजी जाहिरातदार देतो आणि बाहेर थांबलेला गिऱ्हाईक नाही. उत्पन्न जाहिरातीचं, म्हणजे तुम्ही बसलेल्या वेळेचं. तुम्हाला उठवण्यात कुणाचाच फायदा नाही.

भांडणांचंही मूळ हेच. माणूस रागावला की थांबतो, उत्तर लिहितो, दुसऱ्याचं उत्तर आलं का हे बघायला पुन्हा येतो. काय वर आणायचं ते ठरवणाऱ्या मशीनला राग कळत नाही, ते येणं-जाणं मोजतं. आणि मशीन नसलं तरी सवय लागलेली असतेच. १५ जून २०२३ ला विमानसेवेला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, तेव्हा अख्खं शहर दोन गटांत उभं होतं. मी सांभाळतो त्या एका ग्रुपवर दोन सभ्य माणसं, एक निवृत्त बँकवाले आणि दुसऱ्यांच्या सासुरवाडीचा ऊस त्याच कारखान्याला, रात्री दोनपर्यंत एकमेकांच्या सात पिढ्या काढत होती. व्हॉट्सॲपवर तर कुठलीही फीड नाही, त्या दोघांना कुणी भरीस घातलं नव्हतं. पण फेसबुकवर दिवसभर जे वाचलं होतं त्याच भाषेत ते ओळखीच्यांच्या ग्रुपवर बोलायला लागले. पुढच्या जानेवारीत एका हुरडा पार्टीला तेच दोघं शेजारी बसून, शेंगा चटणीचा डबा एकमेकांकडं सरकवत, याच विषयावर तासभर बोलले. आवाज चढला नाही. मतंही बदलली नाहीत.

यापेक्षा जड गोष्ट सांगायची आहे. २०१८ च्या जूनमध्ये मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा निरोप सगळीकडं फिरत होता. मीही तो पुढं पाठवला. बहिणींच्या ग्रुपवर, वर ‘काळजी घ्या’ असं लिहून. खरं-खोटं तपासलं नाही, कारण तपासायला जेवढा वेळ लागतो त्याच्या शंभराव्या हिश्शात पाठवून होतं. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात याच अफवेपायी जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. माझा निरोप तिथवर गेला नसेल, पण तो त्याच घाणीतला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी, असं केलं. म्हणजे नळाला तोटी बसवता येते. कंपनीच्या मनात आलं तर एका महिन्यात येते.

कंपनीच्या मनात येईपर्यंत आपण काय करायचं, त्याकडं वळतो. आधी, जे करून बघितलं आणि पार फसलं ते. रविवारचा ‘डिजिटल उपवास’ फसला. एकादशीला दुप्पट खातात तसं सोमवारी दुप्पट बघितलं गेलं. फोन काळापांढरा करून ठेवायचा प्रयोग चार दिवस टिकला. वेळेचं बंधन घालणारं सेटिंग सगळ्यात निरुपयोगी, कारण वेळ संपली की ‘आज दुर्लक्ष करा’ हे बटण तेच समोर आणून देतात. तुम्ही सगळी ॲप काढली ती परत आली, याचं मला नवल वाटत नाही. शाळेचा निरोप आणि शिवीगाळ एकाच पिशवीत बांधून दिलेली आहे. पिशवी फेकता येत नाही, सोडवावी लागते.

ते कसं, याचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला नमुना आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या ग्रुपचा आहे.

सोलापुरात पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, हे तुम्हाला सांगायला नको. कधी रात्री दहाला, कधी पहाटे चारला. चावीवाला चावी फिरवून गेला की ज्याला कळेल त्यानं ‘पाणी सुटलं’ एवढं लिहायचं, म्हणून २०१७ मध्ये आम्ही ग्रुप काढला. सहा महिने झकास चालला. मग गुड मॉर्निंग सुरू झालं. मग वाढदिवसाचे केक, ‘प्लॉट विकणे आहे’, मूतखड्यावर घरगुती उपाय, आणि निवडणुका आल्यावर काय झालं ते सांगत नाही. एकदा पहाटे चार दहाला वरच्या टोकाच्या एकानं ‘सुटलं’ असं टाकलं. त्या दिवशी गुरुपौर्णिमा. साडेपाचला लोक उठेपर्यंत त्या एका शब्दावर सत्तर-ऐंशी शुभेच्छा येऊन पडल्या होत्या. निम्म्या गल्लीला कळलंच नाही. सहाला पाणी गेलं. शेजारच्या काकूंकडं त्या दिवशी नातवाचं बारसं होतं, पन्नास माणसं जेवायला. टँकर मागवावा लागला. संध्याकाळी बारशाला गेलो तर काकूंनी पेढा हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या गुड मॉर्निंगनं हौद भरता येतो का हो?"

त्या रात्री ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त ॲडमिन निरोप पाठवतील’ हे चालू केलं. ॲडमिन चार, गल्लीच्या चार टोकांचे. लिहायचं काय तेही ठरवलं: सुटलं, गेलं, आज नाही. चौथं काही नाही, सणाच्या शुभेच्छासुद्धा नाहीत. बाकी गप्पांसाठी ‘कट्टा’ म्हणून वेगळा ग्रुप काढला आणि त्यात कुणालाही परस्पर घातलं नाही, ज्याला यायचं त्यानं सांगायचं. दोन जण चिडून बाहेर पडले. एकानं मला ‘हुकूमशहा’ म्हणून फोन ठेवला, आठ दिवसांनी पाण्यासाठी परत आला. मूळ ग्रुपात पावणेदोनशे घरं होती, कट्ट्यावर चाळीसेक आली. गंमत म्हणजे कट्टाही सुधारला. चाळीस जण एकमेकांना तोंडानं ओळखतात. सकाळी दुधाच्या पिशवीला भेटायचंय म्हटल्यावर रात्री शिवी लिहिताना हात अडतो. तिथंही मी एकच नियम ठेवलाय: दुसरीकडून आलेलं जसंच्या तसं टाकायचं नाही, स्वतःच्या शब्दांत लिहायचं. एवढ्यानं नव्वद टक्के कचरा थांबला. स्वतःच्या शब्दांत मूतखड्याचा उपाय लिहायला कुणाला जमत नाही.

मॅडम, तुमच्या पालकांच्या ग्रुपवर हे या आठवड्यात करता येईल. मुख्याध्यापकांना विचारा, ‘फक्त ॲडमिन’ करा आणि निरोप रोज संध्याकाळी पाचला एकदाच टाका. पालकांना अडचण असेल तर त्यांनी तुम्हाला वेगळं लिहावं. पहिल्या आठवड्यात चार फोन येतील. दुसऱ्यापासून सगळेच सुटकेचा श्वास सोडतील, पण तसं तुम्हाला कुणी सांगणार नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र असलं काही करू नका, महाभारत होईल. तो अर्काइव्हमध्ये टाकून द्या, नवीन निरोप आला तरी तो वर येत नाही. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. ‘मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं’ या सेटिंगमधून परक्यांना काढा. आणि रविवारी दोन नातेवाइकांना फोन करा, पाळीपाळीनं. माझ्या मावशीनं तीन महिने माझ्याशी अबोला धरला होता, ‘ग्रुपवर उत्तर देत नाहीस’ म्हणून. आता ती रविवारची वाट बघते आणि फोनवर तेच सगळं सांगते जे ग्रुपवर टाकलं असतं, फक्त तीनपट लांबवून.

आता वाचायचं काय आणि कुठं. इथं मी ज्या गोष्टीची शिफारस करतो तिचं नाव आरएसएस आहे. वर्गात हे नाव काढलं की अर्धे लोक खूश होतात आणि अर्धे सावध. संघाशी याचा काही संबंध नाही. ही १९९९ पासूनची साधी तांत्रिक सोय आहे. एखाद्या साइटवर नवीन काही आलं की त्याची यादी ती साइट एका ठरावीक साच्यात ठेवते, आणि तुमच्या फोनमधलं एक ॲप तुम्ही निवडलेल्या साइटच्या याद्या गोळा करून वेळेच्या क्रमानं दाखवतं. मध्ये कुणी ठरवणारा नाही. गूगलचं असं एक रीडर होतं, फार छान होतं, १ जुलै २०१३ ला त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी मी कॅफेचं शटर शेवटचं ओढलं, म्हणून तारीख लक्षात आहे. पण मूळ सोय कुणाच्या मालकीची नाही, ती चालूच आहे. बहुतेक ब्लॉग आणि बऱ्याच बातम्यांच्या साइट आजही ती यादी देतात. ॲन्ड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचं फुकट, जाहिराती नसलेलं ॲप आहे. त्यात साइटचा पत्ता टाकायचा, यादी असेल तर ते स्वतः शोधतं. यूट्यूबचा चॅनलही असा जोडता येतो.

माझ्या यादीत चौदा गोष्टी आहेत. दोन वर्तमानपत्रं, एक हवामानाचं, पाच-सहा ब्लॉग ज्यांचे लेखक महिन्यातून एकदा लिहितात, जुन्या रेडिओ दुरुस्तीचा एक चॅनल, बाकी कामाचं. सकाळी चहाबरोबर उघडतो. वीस-पंचवीस मिनिटांत शेवटचं वाचून होतं आणि पडद्यावर येतं की वाचायचं काही शिल्लक नाही. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी खाली ओढून पुन्हा बघितलं, चुकून तर नाही ना. काही नव्हतं. मग कप विसळायला उठलो. यादी वीसच्या वर जाऊ देऊ नका. सुरुवातीच्या उत्साहात माझी साठावर गेली होती, आणि मग तिचंही ओझंच झालं.

यूट्यूब तुम्ही शिकवण्यासाठी वापरत असणार, ते काढू नका. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलेल्याचा इतिहास पुसा आणि बंद करा. २०२३ च्या ऑगस्टपासून असं केलं की पहिलं पान कोरं येतं, शिफारशी दिसतच नाहीत. जे हवं ते शोधायचं, किंवा निवडलेल्या चॅनलांच्या यादीत जायचं. फुकटातल्या उपायांत मला हा सगळ्यात परिणामकारक वाटतो, आणि दोन मिनिटांत होतो. इन्स्टाग्राममध्ये वरच्या नावावर दाबलं की ‘फॉलोइंग’ असा पर्याय येतो, वेळेच्या क्रमानं, पण ते दर वेळी मुद्दाम निवडावं लागतं. विसरायला व्हावं म्हणूनच तसं ठेवलंय, असं माझं मत आहे.

बोलायचं कुठं, हा प्रश्न अवघड आहे. मायबोली ही मराठी गप्पांची साइट १९९६ पासून चालू आहे. पाककृतीपासून गझलेपर्यंत तिथं विषयाप्रमाणे वेगळे धागे आहेत आणि दहा वर्षांपूर्वीच्या धाग्यावर आज कुणी उत्तर लिहिलं तर ते वाचलं जातं. फेसबुकवर परवाचं सापडत नाही. तिथं भांडणं नाहीत असं नाही. पण ती वाचता येतात, आणि कुणी किती पाण्यात आहे ते दोन पानांत कळतं. ट्विटर मस्कनं घेतल्यावर, २०२२ च्या शेवटी, मी मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच जागीही खातं काढलं. कल्पना उत्तम आहे: एक मालक नाही, हजारो छोटे सर्व्हर, एकमेकांशी जोडलेले, जाहिरात नाही. पण मराठी माणूस शोधायला मला कंदील घेऊन फिरावं लागलं. इंग्रजीत वाचायला रस असेल, खगोलशास्त्र, विणकाम, असलं काही, तर जरूर जा. सोलापूरच्या गप्पांना तिथं कुणी नाही.

माझा स्वतःचा वेळ आता सगळ्यात जास्त जातो तो मराठी विकिपीडियावर. १ मे २००३ ला सुरू झालेला हा प्रकल्प लोक वाचतात, पण आपणही त्यात लिहायचं असतं हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही सांगता येतं. त्या काळाबद्दल आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट मी मोठ्या अभिमानानं एका लेखात घातली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती काढून टाकली. कारण दिलं: संदर्भ नाही. मी तावातावानं चर्चापानावर लिहिलं की माझे आजोबा तिथं होते. समोरून शांतपणे उत्तर आलं की असतील, पण छापील आधार हवा. शिवी नाही, टोमणा नाही. आता यावर चिडायचं तरी कुणावर? मी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन तीन शनिवार जुनी पुस्तकं चाळली. आजोबांच्या गोष्टीला आधार सापडला नाही. पण दुसऱ्याच दोन गोष्टींना सापडला, त्या मी घातल्या आणि त्या आजही तिथं आहेत. तुमच्या सातवीच्या मुलांकडून हे करून घेता येईल. लेख नको, एकेक परिच्छेद पुरे: आपल्या भागातला तलाव, वेस, कारखाना. आधार कुठून आणायचा हे शोधताना मराठी विश्वकोशाचे वीस खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात, हेही त्यांना कळेल.

मुलांना रील्सबद्दल भाषण देऊ नका, एवढीच विनंती. इन्स्टाग्रामच्याच नियमानं तेरा वर्षांखालच्यांना तिथं खातं काढता येत नाही, म्हणजे तुमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी वय खोटं घातलंय किंवा आईचा फोन आहे. ओरडलात तर ते लपवतील. त्यापेक्षा ‘पुढे’चं बटण कुणी आणि का काढलं ही गोष्ट सांगा. आपल्याला कुणीतरी गंडवतंय हे कळलं की बारा वर्षांचं पोर मोठ्यांपेक्षा लवकर चिडतं. एकानं आमच्या रविवारच्या वर्गात आजोबांसोबत येऊन हे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे आपुनच फुकटात काम करतोय की बे त्यांचं." आजोबांनी त्याला ‘बे’वरून दटावलं.

आता हेही सांगतो, की मी काही सुटलेला नाही. यंदाच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ बऱ्यापैकी पुढं जागा मिळाली. नंदीध्वज आले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सगळ्यांनी हात वर केले आणि अक्षता उडाल्या. माझ्या उजव्या हातात फोन होता, व्हिडिओ चालू. डाव्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. घरी येऊन शर्टच्या खिशातून काढल्या, बायकोनं विचारलं तर काही बोललो नाही. व्हिडिओ स्टेटसला टाकला होता, रात्री तीनदा उघडून किती जणांनी बघितला ते पाहिलं.

तेव्हापासून फोन रात्री दहाला स्वयंपाकघरातल्या प्लगला लावतो, मिक्सरच्या शेजारी. तुम्हाला अकरा ते साडेबाराचा त्रास आहे, तर सुरुवात इथूनच करा, बाकीचं सावकाश. ‘गजर फोनमध्ये असतो’ ही सबब येईल, मलाही आली होती. मधल्या मारुतीजवळून चावीचं गजराचं घड्याळ आणलं. भलतंच मोठ्यानं वाजतं. बायको रोज वैतागते, आणि ज्या दिवशी पहाटे पाणी यायचं असतं त्या दिवशी ते स्वतःच तीन वाजून पंचावन्नला लावून ठेवते.